मेस्तकाका, तुम्ही नाही म्हणालात म्हणून

आदरणीय मेस्तकाका,
सादर नमस्कार.

गेल्या जुलैत गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) पाणंदीवर माझी जुनी महिंद्रा जीप घसरली आणि तिचा उजवा कोपरा पाण्याखाली दडलेल्या जांभ्याच्या कडेवर आदळला. तुम्ही करून दिलेला बंपर दोन बोटे आत गेला. जीप बाहेर ओढल्यावर मी टेप लावून चॅसीचे, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचे, दोन्ही कर्ण मोजले, ते अगदी सारखे भरले; चॅसी वाकली नव्हती. त्या रात्रीच हे पत्र लिहायचे ठरवले होते, ते लिहायला आज मुहूर्त लागला. ते खुले ठेवतो आहे, कारण २०१४ मध्ये गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही चिखलवाटांवरची जीपस्पर्धा सुरू झाल्यापासून असे बंपर करून घेणारी मंडळी वाढत गेली आहेत आणि त्यांतील बहुतेक जण माझ्यासारखाच एकच प्रश्न घेऊन निघतात: सगळ्यांत भक्कम धातू कोणता?

मी तुमच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये प्रथम आलो, तेव्हा टेम्पोत ६ मिमी जाडीची प्लेट घालूनच आलो होतो. ती भंगाराच्या अड्ड्यावर निम्म्या भावात मिळाली याचा मला कोण अभिमान! तुम्ही काही न बोलता तिची एक पट्टी कापलीत, व्हाइसमध्ये आवळलीत आणि घणाने वाकवू लागलात. काटकोनाच्या अलीकडेच पट्टीच्या बाहेरच्या अंगाला केसासारखी रेघ उमटली आणि पुढच्या घावाला ती उघडली. तशीच पट्टी तुम्ही आयएस २०६२ या भारतीय मानकाचा शिक्का आणि सोबत चाचणीचा दाखला असलेल्या तुमच्या प्लेटमधून कापलीत; ती पुरती दुमडली तरी तिला चीर गेली नाही. २५० मेगापास्कल ताणाला नमणारे, म्हणजे कायमचे वाकू लागणारे, साधे माईल्ड स्टील एवढे सोसते, हे मी तोवर कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते.

तरीही माझा हट्ट सुटला नाही, हे कबूल करतो. खाणींच्या काळात तुम्ही टिपरच्या हौद्यांना आतून जी झीजरोधक कडक प्लेट जोडत होता, तीच मला बंपरला हवी होती. त्यावर तुम्ही कोकणीत जे म्हणालात, ते मी वहीत उतरवून ठेवले आहे: 'बंपर वांकूं दी, चॅसी वांकूंक फावना.' (बंपर वाकू दे, चॅसी वाकता कामा नये.) ती प्लेट साध्या पोलादाच्या चौपट ताण सहन करते, पण तिची लवचिकता साध्या पोलादाएवढीच असते, त्यामुळे तेवढ्याच जाडीत ती अधिक ताठ होत नाही. मात्र ती कायमची वाकून धक्का गिळत नसल्याने तो सरळ ब्रॅकेटमधून चॅसीच्या शिंगांत, म्हणजे तिच्या पुढच्या टोकांत, उतरतो, आणि चॅसी सरळ करणे हे बंपर सरळ करण्यासारखे अर्ध्या दिवसाचे काम नव्हे. माझे मन राखायला म्हणा किंवा खरोखर गरज होती म्हणून म्हणा, तुम्ही तिच्या दोन हातभर पट्ट्या कोपऱ्यांच्या तळाशी बोल्टने बसवल्यात, जिथे बंपर दगडावर घासत जातो. जुलैत जीप आदळली, तेव्हा त्यांतील उजव्या पट्टीवर नुसते पांढरे ओरखडे उमटले.

वजनाचा हिशेब तुम्ही खडूने जमिनीवर मांडला होता. १ चौरस मीटर पोलादी पत्रा प्रत्येक मिलिमीटर जाडीला ७.८५ किलो भरतो. माझ्या बंपरचा पत्रा साधारण १.२ चौरस मीटरचा, म्हणजे ६ मिमीने ५६ किलो आणि ३ मिमीने २८ किलो. पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर २८ किलोंचा फुकटचा बोजा टाकण्यापेक्षा पत्र्याला दोन घड्या आणि आतून तीन बरगड्या देणे तुम्ही पसंत केलेत. ताठपणा जाडीपेक्षा घडीतून स्वस्तात मिळतो, हे कौलारू घरात वाढलेल्या माणसाला खरे तर सुचायला हवे होते.

मग मी ॲल्युमिनियमवर आलो. त्याची घनता २.७ म्हणजे वजन तिसरा हिस्सा, असे माझे गणित होते. तुम्ही ते पुरे केलेत: त्याचा ताठपणाही पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाचा, म्हणून तेवढ्याच ताठपणासाठी जाडी जवळजवळ दीडपट घ्यावी लागते आणि वजनातली बचत दोन तृतीयांशांवरून निम्म्यावर येते. शिवाय ६०६१-टी६ सारख्या उष्णतेने कडक केलेल्या मिश्रधातूची ताकद वेल्डिंगच्या आचेने जोडाजवळ निम्म्याच्या आसपास उतरते. पण मला पटले ते आकड्यांमुळे नव्हे. तुम्ही फळीवरून एका ट्रॉलरचा ॲल्युमिनियमचा तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवलात. त्यातला स्टेनलेसचा बोल्ट नवा असल्यासारखा चकचकीत होता आणि त्याच्याभोवतीचा ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखा सुटत होता. नखाने खरवडल्यावर बोल्ट भोकातच डुगडुगू लागला. खाऱ्या ओलाव्यात दोन वेगळे धातू एकमेकांना भिडले की त्यांचा विजेचा घट तयार होतो आणि दुबळा धातू खर्ची पडतो.

तोच न्याय तुम्ही स्टेनलेसलाही लावलात. ३०४ वर समुद्राच्या हवेत तपकिरी डाग पडतात आणि त्यांखाली बारीक खळगे होतात. २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६ ते बरेच टाळते, पण त्याची किंमत मला झेपणारी नव्हती. शिवाय स्टेनलेस तापून दीडपट फुगते आणि आच पुढे वाहून नेत नाही, म्हणून लांब जोडावर ते तिरके होते. खरा धोका मात्र चॅसीला होता: स्टेनलेसचा एवढा मोठा पृष्ठभाग जोडल्यावर चॅसीच्या रंगाला जिथे जरासा ओरखडा पडेल, तिथेच सारा गंज एकवटेल. मांडवीवरच्या बार्जांना ठिगळे लावत ज्यांनी उमेदवारी केली, त्यांनाच हे असे उलट्या बाजूने दिसते.

पाऊस सुरू झाल्यावर तुम्ही वेल्डिंगचे ७०१८ जातीचे रॉड ओव्हनमध्ये भाजून, मग बल्ब पेटत ठेवलेल्या जुन्या पेटीत ठेवत होता आणि एकेकच बाहेर काढत होता. दमट रॉडमधला हायड्रोजन जोडात शिरून नंतर चिरा पाडतो, आणि गाडी ओढण्याच्या कड्यांवर माणसांचे जीव असतात, असे तुम्ही सांगितलेत. ती कडी १२ मिमीच्या प्लेटची केलीत, बंपरच्या पत्र्यावर न चिकटवता खाचेतून आरपार नेऊन ८.८ श्रेणीच्या बोल्टांनी थेट चॅसीला धरलीत. बाकीच्या जोडांना साधे ६०१३ रॉड पुरले. ६०१३ कुठल्याही गावात मिळतो, याचा प्रत्यय मला जुलैत आला: गेट आणि ग्रिल करणाऱ्या एका मुलाने गॅसने तापवून, बाटली-जॅकने कोपरा रेटून आणि फाटलेला जोड भरून तासाभरात मला वाटेला लावले.

रंगाबाबत मी पावडर कोटिंगच मागितले होते. दगडाने त्याचा टवका उडाला की गंज थराखालून सरकत जातो आणि घरी डागडुजी करता येत नाही, म्हणून तुम्ही ब्लास्टिंग करून (कणांच्या माऱ्याने पत्रा खरवडून) जस्तयुक्त प्रायमर आणि त्यावर इपॉक्सी रंग दिलात. तळाला पाडलेली १२ मिमीची भोके मी आधी विसरून राहिलेली समजलो होतो. वर्षाला ३००० मिमी पाऊस पडणाऱ्या मुलखात पाणी आत शिरणारच. ते बाहेर कुठून जाईल याची सोय तुम्ही आधी केलीत.

आणखी एका नकाराबद्दल आभार मानायचे राहिले. मला पुढे नळ्यांचा उंच दांडा हवा होता. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा बुल बारविरुद्ध मोटार वाहन कायद्याच्या, गाडीतील फेरफारांबाबतच्या, कलम ५२ चा दाखला देत राज्यांना पत्र लिहिले, ते तुम्ही मला वाचायला लावलेत आणि रस्त्यावर येताना मूळ बंपर परत चढवता येईल अशी बोल्टची जोडणी केलीत. बिलात तो दांडा नव्हता, म्हणून तुमची मजुरीही तेवढी कमी झाली. तुम्ही त्याचा उल्लेखही केला नाहीत.

चवथ झाली की उजव्या कोपऱ्याची घडी नीट करून घ्यायला येतो. येताना पत्रा मी आणायचा नाही, हे ध्यानात आहे.

आपला नम्र,
वाळपईचा जीपवाला