सर, तुमचं खोडरबर अजून माझ्याकडंच आहे

सर, नमस्कार.

फोनच करणार होते, पण फोनवर मला रडू येतं आणि तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणून विषय संपवता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहायले. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. ज्यांनी वाचनालयात तुमच्या हातून पुस्तकं नेलीत त्यांना कळंलच.

आधीचं थोडं सांगावं लागंल. गोष्ट लिहायचं वेड मला 'बायसिकल थीव्ज' बघून लागलं. १९४८ चा इटलीतला सिनेमा, डी सिका नावाच्या दिग्दर्शकाचा. मोबाईलवर बघितला, खालची इंग्रजी अक्षरं अर्धी कळली, अर्धी नाही. महायुद्धानंतरचं रोम, बापाला पोस्टर चिकटवायचं काम मिळतं पण त्याला सायकल पाहिजे, बायको घरातल्या चादरी देऊन गहाण पडलेली सायकल सोडवून आणते आणि पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. बाप आणि लहानगा ब्रुनो शहरभर हुडकत फिरतात, शेवटी बापच दुसऱ्याची सायकल चोरायला जातो अन् लेकरासमोर पकडला जातो. मग ब्रुनो त्याचा हात धरतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग मी पण लिहिली. लातूरचा बाप, लातूरचा पोरगा, चोरीला गेलेली सायकल. ती घेऊन एका लेखन शिबिराला गेले, पैसे भरून. तिथल्या मार्गदर्शकांनी चार पानं चाळली अन् सगळ्यांपुढं म्हणले, "हे ढापलंय. स्वतःचं काही असंल तर आणा." लोक हसले. मी पिशवी उचलून निघाले ती बसस्टँडवर येऊन बसले, दोन गाड्या गेल्या तरी उठले नाही. माझं चुकलं होतंच, पण कुठं चुकलं ते सांगायला त्यांच्याकडं दोन मिनिटं नव्हती का? अजून एका नावाजलेल्या माणसाला पाठवली तर "सिनेमावरून लिहू नका" एवढा एक मेसेज आला, गोष्ट वाचलीच नव्हती. त्यानंतर सहा महिने मी वहीला हात लावला नाही.

तुमच्याकडं तर मी पुस्तक परत करायला आले होते. तुम्ही विचारलं, मी सांगितलं, तुम्ही कागद ठेवून घेतले. आठ दिवसांनी पाकीट हातात दिलं. सर, खरं तर हे सगळं पत्र त्या पाकिटासाठीच आहे.

प्रत्येक पानाच्या कडेला पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, दोनच शब्द. कुठं "हे त्याचं", कुठं "हे तुझं". सिनेमात भविष्य सांगणारी बाई आहे, तिचा मी पोपटवाला केला होता, तिथं "हे त्याचं". बाप-लेक हॉटेलात जेवतात, त्याची मी खानावळ केली होती, तिथं पण "हे त्याचं". बावीस पानांत "हे तुझं" फक्त एका जागी, आणि त्या ओळीखाली रेघ. आणि पाकिटाच्या तळाला अर्धं झिजलेलं खोडरबर. मला वाटलं चुकून पडलं. तुम्ही म्हणलात, "मी लिहिलेलं पटलं नाही तर खोडून टाक. गोष्ट तुझी आहे."

माझ्या लिहिण्याला कुणी "तुझी गोष्ट" म्हणायची ती पहिलीच वेळ होती. मी ते खोडरबर मुठीत धरून घरी आले.

ती रेघ मारलेली ओळ पाण्याची होती. २०१६ चा उन्हाळा, मांजरा धरण कोरडं, पाणी भरायच्या जागी भांडणं नकोत म्हणून लातुरात १४४ कलम लावलेलं. टँकर कधी येईल त्याचा नेम नाही. एका रात्री माझ्या बाबांनी शेजारच्या ड्रममध्ये नळी टाकून तोंडानं पाणी ओढलं. पहिला घोट तोंडात आला तो त्यांनी थुंकला नाही, गिळला, आणि मग वळून बघितलं. मी कळशी धरून उभी होते. गोष्टीत मी हे एका ओळीत उरकलं होतं अन् परत सायकलीच्या मागं पळाले होते.

तुम्ही विचारलं, "त्या रात्री तिथं कोण होतं?" मी म्हणलं, मी. "मग गोष्टीत पोरगा कुठून आला?"

मला उत्तरच सुचंना. सिनेमात पोरगा होता म्हणून मी पण पोरगा लिहिला होता. माझ्याच गोष्टीतून मी मलाच काढून टाकलं होतं, आणि हे एवढ्या शिकल्या-सवरल्या लोकांत एकालाही दिसलं नाही, तुम्हाला दिसलं.

मग तुम्ही सत्यजित राय यांचं सांगितलं. त्यांनी हाच सिनेमा १९५० साली लंडनमध्ये बघितला, आपणही असा सिनेमा करायचा हे तिथंच पक्कं केलं, आणि १९५५ ला 'पथेर पांचाली' आला. त्यात ना रोम आहे ना सायकल, बंगालचं खेडं आहे. खऱ्या जागी जाऊन, साध्या माणसांना घेऊन सिनेमा करता येतो, हे धाडस त्यांनी तिकडून घेतलं, गोष्ट घेतली नाही. मी घाबरून कॉपीराइटचं विचारलं तर १९७८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगितलात, कल्पनेवर अन् विषयावर कुणाचा हक्क नसतो, ती ज्या रीतीनं मांडली त्यावर असतो. पण लगेच म्हणलात, "कोर्टाचं सोड. तुझ्या घरातली सायकल कोणती, ते बघ."

माझ्या घरातली सायकल म्हणजे ती नळी होती सर.

त्याच २०१६ साली १२ एप्रिलला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली होती, १० वाघिणी, ५ लाख लिटर. माय ते पाणी प्यायच्या आधी हात जोडायची, म्हणायची देणाऱ्यानं आपलं तोंड बघितलं नाही, तहान बघितली. तुम्ही पण तसंच केलंत. चांगुलपणा करणारी माणसं गाजावाजा करत नाहीत म्हणून ती कमी आहेत असं वाटतं, पण आहेत, गावोगाव आहेत, कुठल्या तरी जुन्या टेबलामागं बसलेली असतात.

गोष्ट पूर्ण झाली. आता त्यात पोरगी आहे. छापायला देण्याआधी बाबांना वाचून दाखवायची लई भीती वाटत होती, चोरीचं आहे, त्यांना काय वाटंल. परवा रात्री जेवणं झाल्यावर वाचली. ते खाली बघत ऐकत होते. संपल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणले, "नळी हिरवी नव्हती गं, पिवळी होती."

तुमच्या खोडरबरनं 'हिरवी' खोडलं, पिवळी केली.

तुमचीच,
लातूरची पोरगी