भूशास्त्राच्या कागदाला नागपूरचा दगड हवा

महोदय,

सुट्या लागल्या की नागपूरच्या उन्हात सकाळी अकरापासून संध्याकाळपर्यंत मुले घरातच असतात. या वेळात काही शिकवावे म्हणून अनेक पालक इंटरनेटवरून पृथ्वीचे थर, ज्वालामुखी, खडकांचे प्रकार अशी चित्रे उतरवून घेतात, झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणतात आणि मुलांपुढे रंगपेटी ठेवतात. हेतू चांगलाच आहे. पण यातले बरेच कागद चुकीचे शिकवतात, आणि पाच-सात वर्षांच्या वयात मनात बसलेले चित्र पुढे पाठ्यपुस्तकानेही सहज पुसले जात नाही. छापील कागद जरूर वापरावा, मात्र तो मोजायला लावणारा असावा आणि त्याच्या शेजारी आपल्या जिल्ह्यातला दगड किंवा माती असावी, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

पृथ्वीच्या थरांचेच पाहा. बहुतेक चित्रांत भूकवच बोटभर जाड असते आणि त्याखालचे प्रावरण लाल-केशरी रसासारखे उकळताना दिसते. या दोन्ही गोष्टी चूक आहेत. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी आहे आणि खंडांखालचे कवच सरासरी सुमारे ३५ किमी. १ सेंमी म्हणजे ५०० किमी असे प्रमाण घेतले तर पूर्ण वर्तुळ ए४ कागदावर मावत नाही, पण पाव वर्तुळ मावते. पुठ्ठ्याची १४ सेंमी लांब, २ सेंमी रुंद पट्टी कापा. एका टोकाशी टाचणीसाठी भोक पाडा आणि तिथून २.४, ७.० व १२.७ सेंमी अंतरावर पेन्सिलचे टोक जाईल अशी तीन भोके पाडा. टाचणी कागदाच्या कोपऱ्याजवळ रोवून पट्टी फिरवली की अंतर्गाभा, बाह्यगाभा आणि प्रावरण यांच्या बाहेरच्या कडा मिळतात. शाळेच्या कंपासमधला कर्कटक एवढा ताणला की घसरतो. पट्टी घसरत नाही आणि सहा वर्षांच्या हातालाही जमते. कागदाखाली जुनी वही ठेवावी, म्हणजे टाचणी हलत नाही.

आता कवच काढायचे. या प्रमाणात त्याची जाडी ०.७ मिमी भरते, म्हणजे स्केचपेनची एक रेघ. समुद्राखालचे कवच तर सुमारे ७ किमीच, कागदाच्या जाडीहून थोडेसेच जास्त. रशियातल्या कोला येथे माणसाने १२ किमीहून खोल छिद्र पाडले, तेही या रेघेच्या आतच संपते. हे मुलाने स्वतः मोजून पाहिले की पुन्हा सांगावे लागत नाही. प्रावरण रंगवताना मात्र मोठ्यांनी जवळ बसावे. ते द्रव नाही. ते घन आहे आणि अतिशय संथपणे सरकते. उन्हात आडव्या पडलेल्या पिंपातले डांबर हातोडीने ठोकले तर फुटते आणि तसेच पडू दिले तर हळूहळू ओघळते, ही उपमा नागपूरच्या मुलाला पटते. खरा द्रव थर एकच, बाह्यगाभा. लाल रंग तिथेच द्यावा.

ज्वालामुखीचेही तसेच. शंकूचा डोंगर, आत खाण्याचा सोडा, वरून व्हिनेगर हा प्रयोग घरोघरी होतो. फेस येतो तो आम्ल आणि सोड्याच्या क्रियेतून, ज्वालामुखीच्या पोटात तसे काही घडत नाही. शिवाय आपल्या पायाखालचा काळा दगड कुठल्या शंकूतून आलेलाच नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून पातळ लाव्हा बाहेर आला, दूरवर पसरला आणि थरांवर थर चढले. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स त्याच दगडाच्या. पातळ लाव्हा पसरतो आणि घट्ट लाव्हाचा ढीग होतो, हे दाखवायला स्वयंपाकघर पुरते. एका कागदावर १ सेंमी अंतराने दहा एकात एक वर्तुळे छापून घ्या आणि तो पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घाला. एका वाटीत ५० ग्रॅम कणीक आणि १०० मिली पाणी, दुसरीत ५० ग्रॅम कणीक आणि ५० मिली पाणी कालवा. पहिले धिरड्याच्या पिठासारखे होते, दुसरे चमच्याला चिकटून बसते. प्रत्येकी एक मोठा चमचा मधोमध ओतून ३० सेकंदांनी ते कितव्या वर्तुळापर्यंत गेले ते लिहावे. कणीक पाणी पीत राहते, म्हणून दोन्ही पिठे कालवल्याबरोबर लगेच ओतावीत. दहा मिनिटे थांबलात तर पातळ पीठही घट्ट होते आणि फरक पुसट होतो. पाकिटाखालचा ओटा सपाट आहे ना, तेही पाहावे.

आता दगड. इथे नागपूरच्या मुलांचे नशीब थोर आहे आणि त्याचा उपयोग आपण करत नाही याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. शहराच्या पश्चिमेला बेसाल्ट म्हणजे अग्निज खडक. उत्तरेला कामठीकडे वालुकाश्म म्हणजे स्तरित खडक, आणि कामठीचे नाव तर जगभरच्या भूशास्त्राच्या ग्रंथांत त्या खडकांना दिलेले आहे. पूर्वेकडे नीस हा पट्टेदार रूपांतरित खडक, तर मनसर-रामटेककडे मँगनीज बाळगणारे रूपांतरित खडक. पुस्तकातले तिन्ही प्रकार एका दिवसाच्या सहलीत हाताळता येतील असे मोठे शहर शोधूनही लवकर सापडणार नाही. तरीही मुले परदेशी दगडांची चित्रे कापून चिकटवतात.

त्याऐवजी सहा चौकटींचा एकच कागद छापावा. प्रत्येक चौकटीत एक दगड ठेवायची जागा आणि खाली चार प्रश्न: दाणे दिसतात का, खिळ्याने ओरखडा उठतो का, फरशीच्या मागच्या खरबरीत बाजूवर घासल्यावर कोणत्या रंगाची रेघ उमटते, लिंबाच्या रसाने बुडबुडे येतात का. दगड लिंबापेक्षा मोठे नकोत, कागदावरून घरंगळतात. घराचे बांधकाम सुरू असेल तिथे मालकाला विचारून काळ्या गिट्टीचा एक तुकडा घ्यावा. फरशीच्या दुकानात संगमरवराचा तुकडा मिळतो. नदीच्या वाळूत पांढरी गारगोटी असतेच. शेतातल्या काळ्या मातीत पांढुरके वेडेवाकडे चुनखडीचे खडे सापडतात, ते अवश्य आणावेत. रेल्वेरुळांलगतची खडी उचलायला मुलांना कधीही पाठवू नये, आणि राखीव जंगलातून काही आणू नये.

लिंबाची परीक्षा सोपी दिसते, पण फसते ती इथेच. चुनखडीच्या खड्यावर चार थेंब टाकले की बुडबुडे लगेच दिसतात. गुळगुळीत संगमरवरावर मात्र काहीच होत नाही असे वाटते, कारण लिंबाचे आम्ल सौम्य आणि पृष्ठभाग घोटलेला. खिळ्याने खरवडून थोडी पूड काढावी आणि रस त्या पुडीवर टाकून भिंगातून पाहावे. बेसाल्ट फसफसत नाही. पण त्यातल्या पोकळ्यांत भरलेली पांढरी खनिजे दिसली तर तीही तपासावीत. त्यात कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलेच खनिज, असेल तर बुडबुडे येतात, गारगोटीच्या जातीचे किंवा झिओलाइट असेल तर येत नाहीत. एकाच दगडात दोन उत्तरे निघतात आणि मुलांचे डोळे तिथे चमकतात. अनेक छापील कागदांवर फळ्याच्या खडूवर व्हिनेगर टाकायला सांगितलेले असते. आपल्याकडचा खडू बहुधा जिप्समचा असतो, तो फसफसत नाही, आणि आपलेच काहीतरी चुकले असे मुलाला वाटते. खडूऐवजी अंड्याचे कवच घ्या. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: बुडबुडे जोरात यावेत म्हणून संडास साफ करायचे ॲसिड हाताशी घेऊ नका, मोठ्यांनीसुद्धा नाही. दगड फोडायचा मोह होतो, त्याच्या कपच्या थेट डोळ्यात जातात. फोडायचाच असेल तर मोठ्यांनी जाड कापडात गुंडाळून, चष्मा लावून, मुलांना लांब बसवून फोडावा.

वाळू आणलीच असेल तर ती खडखडीत वाळवून कागदावर पसरा आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला चुंबक वरून फिरवा. काळे कण पिशवीला चिकटतात, ते मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे. पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढला की कण अलगद गोळा होतात. पिशवी विसरलात तर चुंबकावरचे कण निघता निघत नाहीत.

मातीसाठी सरळ कडांची लोणच्याची बरणी घ्यावी. बाहेरून सेंमीच्या खुणांची छापील पट्टी लावावी आणि तिच्यावर सगळीकडून सेलोटेप मारावा, नाहीतर इंकजेटची शाई पहिल्याच ओल्या हाताने फिसकटते. वाळलेली काळी माती ढेकळे फोडून, मुळे वेचून एक तृतीयांश भरावी, वर पाणी घालून दोन मिनिटे हलवावी आणि बरणी ठेवली तिथून उचलू नये. रेती मिनिटाभरात बसते, पोयटा काही तासांत, चिकणमाती मात्र दिवसभर आणि पुढेही तरंगत राहते. तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवला की ती लवकर खाली येते. दुसऱ्या बरणीत मुरूम घेऊन तसेच करावे आणि दोन्ही पट्ट्यांवरचे आकडे शेजारी लिहावेत. उन्हाळ्यात शेताला हातभर खोल भेगा का पडतात याचे उत्तर त्या चिकणमातीच्या थरात आहे. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते.

काळाची पट्टी हा आमच्या मते सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात दूर नेणारा खेळ. पृथ्वीचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे. १ सेंमी म्हणजे १ कोटी वर्षे धरले तर ४.६ मीटर पट्टी लागते. पाच ए४ कागद उभे चार-चार पट्ट्यांत कापले की वीस पट्ट्या होतात, त्यांतल्या एकोणीस पुरतात. प्रत्येकीवर नेमके २५ सेंमी आखावेत आणि उरलेला भाग डिंक लावायला सोडावा. जोडताना रेघेवर रेघ बसली पाहिजे. दर जोडाला अर्धा सेंमी सरकले तर शेवटी नऊ सेंमीचा घोटाळा होतो, म्हणजे आपला बेसाल्टच पट्टीबाहेर जातो! शेवटची एक पट्टी म्हणजे साधारण कामठीच्या वालुकाश्मापासून आजपर्यंतचा काळ. बेसाल्ट टोकापासून ६.६ सेंमीवर, आणि आपली मानवजात शेवटच्या एक तृतीयांश मिलिमीटरात.

खंडांचे कोडे थोड्या मोठ्या मुलांसाठी. भिंतीवरच्या नेहमीच्या जागतिक नकाशावरून कापलेले तुकडे जुळत नाहीत, कारण सपाट कागदावर ध्रुवांकडचे प्रदेश ताणले जातात. घरातल्या पृथ्वीगोलावर बटर पेपर ठेवून एकेक खंड उतरवावा, आणि कडा किनाऱ्याची न घेता फिकट निळ्या उथळ समुद्राची घ्यावी. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका या पाचही तुकड्यांवर ग्लॉसॉप्टेरिसचे पान काढायला सांगा. त्या वनस्पतीचे जीवाश्म या पाचही ठिकाणी सापडतात आणि उमरेडचा कोळसा तिच्याच काळातल्या जंगलांचा. या जुळलेल्या भूखंडाला जग गोंडवन म्हणते, ते नाव आपल्या गोंडांच्या भूमीवरून गेलेले आहे.

छपाईतली एक चूक मात्र वरच्या सगळ्या मापांवर पाणी फिरवते. दुकानात ‘फिट टू पेज’ निवडले की चित्र आक्रसते आणि १० सेंमीची रेघ साडेनऊच्या आसपास भरते. ‘ॲक्च्युअल साइझ’ किंवा १०० टक्के निवडायला सांगावे आणि दुकानातच पट्टी लावून पाहावे. ८० जीएसएमचा कागद कापायला बरा, उभा करायला नाही. जाड कार्डशीट मिळाले नाही तर छापील कागद जुन्या लग्नपत्रिकेवर चिकटवावा.

संपादक महोदय, आपल्या बालपुरवणीत दर आठवड्याला रंगवायचे एक चित्र असते. महिन्यातून एकदा त्या जागी असा एक मोजायचा कागद द्यावा ही विनंती. झेरॉक्सचे पैसेही वाचतील आणि खेड्यातल्या घरातही तो पोहोचेल. वृत्तपत्राचा कागद पातळ असतो, पातळ फेव्हिकॉलने त्याला सुरकुत्या पडतात, तेव्हा मैद्याची घट्ट खळ पातळ थरात लावून पुठ्ठ्यावर चिकटवावा आणि तासभर पुस्तकांखाली दाबून ठेवावा, अशी सूचना सोबत छापावी. कापायच्या रेघा जाड ठेवाव्यात आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात १० सेंमीची तपासणी रेघ असावी. आकृत्या आणि मापे आम्ही तपासून देऊ. सुरुवात जूनमध्ये काळ्या मातीच्या बरणीपासून करता येईल. तेव्हा शेतात पेरणीची धांदल असते आणि माती प्रत्येकाच्याच बोलण्यात असते.

— भूशास्त्राचे काही शिक्षक, नागपूर