अजिंक्यताऱ्याच्या तटाचं चुनाकाम दिवाळीनंतर काढा

मा. पालकमंत्री, सातारा जिल्हा,
स. न. वि. वि.

पहाटे अजिंक्यताऱ्यावर फिरायला येणाऱ्या सातारकरांना गडावरची झाडी पाठ आहे, मंगळाई बुरुजाखाली काय घडलं ते फार थोड्यांना. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाने वेढा घातला. त्याचा तळ करंज्याला होता. किल्लेदार प्रयागजी प्रभूंची माणसं वरून धोंडे लोटत राहिली. १३ एप्रिल १७०० रोजी मोगलांनी बुरुजाखालचे दोन सुरुंग उडवले. पहिल्यात प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत निघाले. दुसऱ्याने तट बाहेर कोसळला, तो चढाईच्या तयारीत उभ्या असलेल्या मोगलांवरच. गड पडला तो २१ एप्रिलला.

अशा तटाला आज पोखरतात ती पिंपळ-उंबराची मुळं. पाखरांच्या विष्ठेतून बी सांध्यात पडतं. बोटाएवढं रोप उपटलं तर वरचं तुटतं, मूळ आत राहतं आणि पुढच्या पावसात चार फुटवे येतात. जाड मूळ ओढलं तर सोबत चिराच निखळतो. म्हणून खोड तटालगत कापावं, ताज्या कापावर लगेच, काही मिनिटांत, तणनाशक लावावं आणि मूळ मेल्याची खात्री होईपर्यंत थांबावं. पोकळी त्यानंतर चुन्याने भरावी. उतारावरच्या झाडांना मात्र कुणी हात लावू नये, माती त्यांनीच धरून ठेवली आहे.

चुनाच का? सिमेंट पाणी कोंडतं. आत मुरलेल्या पावसाला सांध्यातून वाट मिळाली नाही की ते दगडातून निघतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. चुना सांध्याला श्वास घेऊ देतो, पण त्याला सवड लागते: आधी कित्येक दिवस भिजवणं, वाळू आणि सुरखी (विटांची पूड) घालून चुन्याच्या घाण्यात मळणं, भरल्यावर दोन-तीन आठवडे ओली पोती.

इथेच सरकारी वेळापत्रक आडवं येतं. निधी मार्चअखेर सुटला की काम एप्रिल-मेच्या उन्हात होतं. चुना घट्ट होण्याआधीच वाळतो, भेगाळतो आणि पहिल्या वळवाला धुऊन जातो.

म्हणून विनंती अशी: मुळांचं काम पाऊस ओसरताच, ऑक्टोबरात सुरू व्हावं, चुन्याचं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. निविदेत तटाच्या कामासाठी सिमेंट लिहिलेलं दिसलं, तर ते खोडल्याशिवाय आपण सही करू नये.

आपले,
रोज गड चढणारे सातारकर