न बोलणाऱ्यांची दुरुस्ती कशाला?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘अंतर्मुखांनो, नेते व्हा!’ हा लेख वाचला. शीर्षकातलं उद्गारचिन्ह बघूनच लेखक कोणत्या गोटातले आहेत ते कळलं. पत्र रविवारीच लिहिणार होते, पण रागात लिहू नये म्हणून एक दिवस थांबले. राग काही गेला नाही.

लेखातले उपाय काय, तर आरशासमोर मोठ्याने बोला, मीटिंगच्या पहिल्या पाच मिनिटांत तोंड उघडा, लिफ्टमध्ये भेटेल त्याच्याशी ओळख काढा! अबोलपणा म्हणजे जणू गजकर्ण, आठवडाभर मलम चोळलं की बरं. शिवाय लेखात ‘लाजाळू’ आणि ‘अंतर्मुख’ हे शब्द एकमेकांच्या जागी खुशाल वापरलेत. लाजाळू माणसाला लोक काय म्हणतील याची धास्ती असते. अंतर्मुखाला ती असेलच असं नाही. चार तास माणसांत काढले की तो दमतो, एवढंच. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये अंतर्मुख आणि बहिर्मुख हे दोन प्रकार मांडले, तेही माणसाचं लक्ष बाहेर धावतं की आत वळतं यावरून. कोणाचं तोंड किती चालतं यावरून नव्हे.

मी एका कारखान्यात उत्पादन नियोजनात सव्वीस वर्षं काढली. दरवर्षीच्या अप्रेझलमध्ये एक ओळ ठरलेली: ‘काम चोख, पण मीटिंगमध्ये बोलत नाहीत.’ चोखपणाचा अर्धा गुण कधी वाढला नाही, न बोलण्याचा मात्र न चुकता कापला गेला.

एकदा एका मोठ्या ऑर्डरची तारीख ठरायची होती. कोणतं मशीन कधी मोकळं, सुटे भाग कधी येणार, तपासणीला किती दिवस, असा सगळा हिशेब मांडून मी दीड पानाचं टिपण दोन दिवस आधी सगळ्यांना मेल केलं. हिशेब येत होता दहा आठवड्यांचा. मीटिंगमध्ये आमचे एक सहकारी खुर्ची मागे सारून उभे राहिले आणि म्हणाले, ‘सहा आठवड्यांत देऊन टाकू!’ टाळ्या पडल्या. खरोखरच्या टाळ्या, मी काही वाढवून सांगत नाही. मी ‘त्या मेलमध्ये...’ एवढं म्हणेपर्यंत पुढचा विषय निघाला होता.

माल गेला अकराव्या आठवड्यात. उशिराचा दंड भरला, मग चौकशीची बैठक बसली, आणि साहेबांनी मलाच विचारलं, ‘बाई, तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाहीत?’ मेल केला होता, म्हटलं. ‘मेल कोण वाचतं हो!’ सगळे हसले. विभागप्रमुखाची जागा त्याच वर्षी भरली. कोणाला मिळाली ते सांगायला नको.

त्या गृहस्थांवर माझा राग नाही. (थोडा आहे.) विभागात तेव्हा सगळे सांगितलं तेवढंच करणारे होते, त्यांना यांनी हलवून कामाला लावलं, हे मला मान्य आहे. पुढे मात्र दोन हुशार मुलं लागली. रोज काहीतरी नवं सुचवायची. या नव्या विभागप्रमुखांचं बोलणं संपायचंच नाही, मग त्यांचं ऐकणार कधी? वर्षाच्या आत दोघंही सोडून गेली.

लेखकांनी पिझ्झा दुकानांच्या अभ्यासाचा दाखला दिलाय, तोही नेमका अर्धाच. मानसशास्त्रज्ञ ॲडम ग्रँट आणि सहकाऱ्यांचा तो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या एका साखळीची ५७ दुकानं त्यांनी तपासली होती. कर्मचारी स्वतःहून फारसं काही सुचवत नव्हते, तिथे बहिर्मुख प्रमुखाच्या हाताखाली नफा सरासरीपेक्षा १६ टक्के जास्त. हे लेखात आलं. जिथे कर्मचारी सूचना करत होते, तिथे तशाच प्रमुखाच्या हाताखाली नफा सरासरीपेक्षा १४ टक्के कमी. हे मात्र गळलं. जागा पुरली नसेल. माइक हातात घेतलेल्या माणसाचा अर्ध्या पानाचा फोटो छापल्यावर कशी पुरणार?

लेखातलं गुंतवणूकदार वॉरन बफे यांचं उदाहरणही तसंच. भाषणाच्या भीतीवर उपाय म्हणून तरुणपणी त्यांनी डेल कार्नेगींचा कोर्स केला, हे खरं. पण त्यामुळे ते बहिर्मुख झाले का? पुढेही वर्षानुवर्षं त्यांच्या दिवसाचा बराचसा वेळ एकट्याने वाचण्यातच गेला. गरजेपुरतं बोलायला ते शिकले, स्वभाव आहे तिथेच आहे. आणि जेफ बेझोस तर काही घुमे नव्हेत. तरी २००४ मध्ये ॲमेझॉनच्या वरिष्ठांच्या बैठकीतून त्यांनी पॉवरपॉइंट हद्दपार केलं आणि लेखी टिपण आणलं. सुरुवातीला सगळे गप्प बसून ते वाचतात, मग चर्चा. हे वाचलं तेव्हा माझं दीड पान आठवून मला कसंसंच झालं. वाचायला पाच मिनिटंसुद्धा लागली नसती हो.

‘बोलणाऱ्याची माती विकते’ ही म्हण लेखकांनी उपदेश म्हणून सांगितली आहे. विकते ना. पण माती विकत घेणाऱ्याला कोणी दोन शब्द का सुनावत नाही? सगळे धडे आम्हालाच. मीटिंग चालवणाऱ्याने काय करावं, अजेंडा आधी पाठवावा का, शेवटी गप्प बसलेल्यांना विचारावं का, यावर लेखात अवाक्षर नाही.

जाता जाता, ‘तुम्ही कोण?’ ही प्रश्नावली. ‘उत्तरे पान ९ वर’ म्हणून छापलंय. पान ९ वर पूर्ण पानभर फर्निचरची जाहिरात आहे. दहा प्रश्न सोडवून मी कोण ते मला अजून कळलेलं नाही. शिवाय ‘समारंभात तुम्ही कोपऱ्यात उभे राहता का?’ याला ‘हो’ म्हणणाऱ्याला शून्य गुण का, तेही समजावं.

पत्र लांबलं याची कल्पना आहे. मागच्या वेळी आपण माझ्या पत्रातला मुद्दाच नेमका छाटला आणि फक्त ‘अंक आवडतो’ हे वाक्य छापलंत. या वेळी ते वाक्य मी लिहिलेलंच नाही. कात्री लावायचीच असेल तर बफे आणि बेझोस यांना लावा, अकरा आठवडे मात्र राहू द्या.

आपली,
एक निवृत्त नियोजन अधिकारी