अल्बुला घाटातल्या टीसी बाईंस

सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे गाडीत तिकीट तपासणाऱ्याला टीसी म्हणतात, म्हणून तुम्ही आमच्या घरात टीसी बाईच झाला आहात. जूनमधल्या एका सकाळी स्वित्झर्लंडमध्ये कूरहून सेंट मॉरिट्झला जाणाऱ्या तुमच्या गाडीत काठी घेतलेले एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांची मुलगी बसली होती. मी ती मुलगी. कल्याणला परत येऊन, बॅगा रिकाम्या करून, कपडे धुवून झाले, तरी तुमचा विषय निघाला की अजून माझा घसा दाटतो. म्हणून हे पत्र.

बाबा मध्य रेल्वेचे ड्रायव्हर. ‘लोको पायलट’ म्हटलेलं त्यांना चालत नाही. सगळी नोकरी कल्याण, कर्जत, लोणावळा, इगतपुरी अशी घाटातच गेली. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचा डावा हात अवघडला आहे आणि बोलणं हळू झालं आहे. शब्द जिभेवर यायला वेळ लागतो, पण आला की नेमका येतो. अडचण अशी की तेवढा वेळ कुणाकडे नसतो. त्यामुळे ‘अंकल जेवले का?’, ‘अंकलना साखर चालते का?’, ‘अंकल पायऱ्या चढतील का?’ हे सगळे प्रश्न बाबांच्या डोक्यावरून थेट माझ्याकडे येतात. बाबा मध्ये बसून खिडकीबाहेर बघत राहतात.

आम्ही ज्यांच्याबरोबर आलो त्या टूरवाल्यांबद्दल थोडं बोलते, म्हणजे तुमचं मोल कळेल. त्यांच्या पत्रकावर तुमची लाल गाडी ठळक छापली होती, ‘जागतिक वारसा रेल्वेची सफर’ या मथळ्याखाली. तो फोटो बघूनच बाबा यायला तयार झाले. एरवी बर्फ बघायला एवढे पैसे घालणारा माणूस नव्हे. प्रत्यक्षात वारशाची गंमत बघा. बर्नचं जुनं शहर, 1983 पासून युनेस्कोच्या यादीतलं, आम्ही बसच्या काचेतून डाव्या हाताला बघितलं. युंगफ्राऊयोखला 3454 मीटरवर नेलं. पायाशी अलेच हिमनदी, आल्प्समधली सगळ्यात मोठी, वीसहून जास्त किलोमीटर लांबीची. त्यावर आमच्या टूर मॅनेजरचं निवेदन एवढंच: ‘पाऊण तासात जेवणाच्या हॉलपाशी जमा, जेवण इंडियनच आहे.’ आणि तुमच्या गाडीचा दिवस आला तेव्हा कळलं की ती रद्द होऊन तिच्या जागी चॉकलेटचा कारखाना आला आहे. मी विचारलं तर म्हणाले, ‘मॅडम, अंकलना तसंही झेपलं नसतं.’ अंकल शेजारीच उभे होते.

मग आम्ही दोघं गट सोडून निघालो. आई कारखान्यात गेली आणि तिने तो कार्यक्रम अगदी आनंदाने पार पाडला, हेही सांगायला हवं.

आता तुमची गोष्ट. टीफेनकास्टेल सुटल्यावर तुम्ही डब्यात आलात. बाबांनी उजव्या हाताने तिकीट पुढे केलं. तुम्ही ते बघितलं आणि बाबांना विचारलंत, रेल्वेत होता का? काचेजवळ बसून रुळांकडे असं बघणारा प्रवासी तुम्ही ओळखत असणार. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही समोरच्या बाकावर टेकलात आणि त्यांच्याकडेच बघत राहिलात. बाबांना ‘यस, ड्रायव्हर’ म्हणायला किती वेळ लागला असेल, तुम्ही घड्याळाकडे नजर टाकली नाहीत. माझ्याकडेही नाही. मला हे पत्र लिहायला लावलं ते त्या न बघण्याने.

पुढे त्यांनी विचारलं, ग्रेडियंट? तुम्ही म्हणालात, पस्तीस, हजाराला पस्तीस. आमच्या बोर घाटाचा हिशेब ‘एकास सदतीस’ असा असतो, सदतीस फूट गेल्यावर एक फूट चढ. बाबांनी खिशातून पेन काढलं, हॉटेलच्या बिलाच्या पाठीवर हजार भागिले पस्तीस मांडलं आणि सावकाश भागाकार करत बसले. तुम्ही थांबलात. पाय वाकडे करून, तिकिटाचं यंत्र मांडीवर ठेवून, एखादी मुलगी वडिलांचं गणित संपायची वाट बघते तशा थांबलात. अठ्ठावीस पूर्णांक पाच, म्हणजे साडेअठ्ठावीस फुटांतच एक फूट चढ, असं उत्तर आल्यावर बाबा म्हणाले, ‘युवर घाट, मोअर टफ.’ तुम्ही खळखळून हसलात आणि म्हणालात, पण तुमच्या गाड्या जास्त जड. ही एका रेल्वेवाल्याने दुसऱ्या रेल्वेवाल्याला दिलेली दाद होती. बाबांना ती झटक्यानंतर पहिल्यांदाच मिळाली.

मग तुम्ही त्यांना उजवीकडच्या खिडकीशी बसवलंत, खिडकी स्वतः उघडून दिलीत आणि पुढे बघा म्हणून खूण केलीत. लांडवासरचा पूल फोटोत शंभरदा बघितला होता. 136 मीटर लांब, 65 मीटर उंच, सहा कमानी, हेही पाठ होतं. पण वळणावर आपल्याच गाडीचं इंजिन आपल्यापुढे पुलावर चढलेलं दिसतं आणि कड्याच्या सरळ भिंतीत पाडलेल्या भोकात शिरून नाहीसं होतं, हे डोळ्यांनी बघणं निराळं. बाबा त्या कमानींकडे बघत नव्हतेच. ते खांब बघत होते. 1902 च्या आसपास हे उंच खांब बाहेरून परांची न बांधता उभे केले, मधल्या लोखंडी मनोऱ्यावरून दगड चढवत, हे त्यांनी घरी वाचून ठेवलं होतं. पुलावरून गाडी जाते तेवढ्या वेळात किती बघणार! बोगद्यात शिरताना म्हणाले, ‘चुना चांगला धरलाय.’

तुमचं काम तिथे संपलं होतं. तरी फिलिसूर गेल्यावर तुम्ही परत आलात आणि बेर्ग्युनला उतरा म्हणालात. तिथे मगर आहे. मला काही कळेना. बाबांना कळलं. स्टेशनाबाहेर, रेल्वेच्या संग्रहालयाजवळ, मगर म्हणतात ते तपकिरी इंजिन उभं आहे, मध्ये केबिन, पुढेमागे लांब नाकाडं, चाकांना जोडणारे जाड दांडे. तुमच्या घाटातली ही इंजिनं 1920 च्या दशकात विंटरथूरच्या कारखान्यात बांधली गेली. त्याच दशकात, 1928 साली, आमच्या बोर घाटासाठी जी मोठी विजेची इंजिनं आली त्यांतली पहिली काही त्याच कारखान्यातली. आमच्याकडे त्यांना खेकडा म्हणायचे. बाबा असिस्टंट असताना हे खेकडे म्हातारे झाले होते, यार्डात शंटिंग करत. बेर्ग्युनच्या त्या इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवून बाबा जे बोलायला लागले ते थांबेचनात. कर्जतला मागून बँकर, म्हणजे चढावर गाडी ढकलणारी जादा इंजिनं, कशी लावायची, उतारावर गाडी सुटली तर तिला अडवणाऱ्या बाजूच्या रुळावर, कॅच सायडिंगला, कशी जाते, पावसाळ्यात धुक्यात सिग्नल कसा शोधायचा. शब्द अडखळत होते, पण येत होते. ऐकायला मी आणि शाळेची सहल घेऊन आलेल्या एक बाई. त्या बाईंना इंग्रजी जेमतेम येत असावं, पण त्या मान डोलवत उभ्या राहिल्या. तुमच्या गावांत हे सगळ्यांना शिकवतात की काय?

तुमची रेल्वे 2008 साली युनेस्कोच्या यादीत गेली. थूसिसपासून इटलीतल्या तिरानोपर्यंत, पूल, बोगदे आणि भोवतीचा मुलूख धरून. त्याच वर्षी आमची कालका-शिमलाही भारतातल्या डोंगरी रेल्वेंच्या नोंदीत जोडली गेली. मला आवडलं ते हे की तुमची गाडी काचेच्या कपाटात ठेवलेली नाही. तीत दप्तर घेतलेली पोरं होती, भाजीच्या पिशव्या होत्या, कुत्रं घेऊन दवाखान्यात निघालेले आजोबा होते. बेर्ग्युन ते प्रेडा हे अंतर पक्ष्याला जेवढं पडेल त्याच्या जवळजवळ दुप्पट रूळ टाकून, डोंगराच्या पोटात गिरक्या घेत, गाडी चारशे मीटरहून जास्त चढते. आणि शेजारची बाई त्या वेळात स्वेटर विणत होती. बाबांना ते फारच पसंत पडलं. घाट रोजचा झाला पाहिजे, म्हणाले.

2025 मध्ये आमचे बारा किल्लेही यादीत आले. अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. आता तिथे पाट्या लागतील, तिकीटघरं होतील, माहिती देणारी माणसं नेमली जातील. रायगडावर रोपवेने बाबांना न्यायचं ठरलं आहे. तिथे कुणीतरी बाबांनाच विचारावं, ‘काका, कुठून आलात?’ आणि उत्तर येईपर्यंत दम धरावा, एवढीच माझी अपेक्षा आहे. यासाठी निधी लागत नाही.

टूरवाल्यांनी नंतर फोन करून अभिप्राय मागितला. मी दिला. तो इथे लिहिण्यासारखा नाही.

कधी मुंबईत आलात तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला एक खेकडा जपून ठेवला आहे, तो बाबा तुम्हाला दाखवतील. जेवायला मात्र कल्याणलाच यावं लागेल, आईची अट आहे. आणि बाबांचा एक प्रश्न त्या दिवशी राहून गेला, तो त्यांनी मुद्दाम घालायला सांगितला आहे. पावसाळ्यात आमच्या घाटात दरडी कोसळतात म्हणून रुळांवर रात्रभर पहाऱ्याची माणसं फिरतात. तुमच्याकडे हिवाळ्यात बर्फाचे कडे सुटतात तेव्हा माणूस फिरतो की नुसतं यंत्रावर भागवता? सवडीने कळवा.

आपली,
कल्याणच्या एका ड्रायव्हरची मुलगी