हांगचौहून आईला: शाईतली फुलं

हांगचौ,
फेब्रुवारीअखेर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

नुसत्या काळ्या शाईत फुलं कशी उठून दिसतात, असं तू परवा विचारलंस. फोनवर ते नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायलाच बसले.

इथे सध्या मेइची झाडं फुललीत. जर्दाळूच्या जवळचं हे झाड. आपल्या पळसासारखं पानांआधी उघड्या फांदीवर फुलतं, पण ऐन थंडीत. इथल्या पश्चिम सरोवरातल्या गूशान बेटावर हजारेक वर्षांपूर्वी लिन बू नावाचा कवी एकटा राहायचा. मेइ हीच त्याची बायको आणि क्रौंच पक्षी ही मुलं, असं इथे सांगतात.

चित्रात आधी फांदी येते. जून फांदी काढताना कुंचल्यातली शाई निथळून घ्यायची, कुंचला आडवा करायचा आणि रेटत न्यायचा. शाई सलग बसत नाही, मधेमधे पांढरं सुटतं आणि खडबडीत साल दिसायला लागते. कोवळी डहाळी मात्र कुंचला उभा धरून, एका दमात. ‘शुआन’ नावाचा इथला कागद झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून करतात. तो शाई लगेच पितो. रेघ पुसता येत नाही आणि गिरवली तर लपत नाही.

फांदी ओढतानाच फुलांसाठी जागा मोकळ्या सोडाव्या लागतात. मला हेच सगळ्यात अवघड वाटतं आणि आवडतंही हेच. फुलाचा अजून पत्ता नसतो, पण ते कुठे बसणार हे हाताला ठाऊक हवं. मग फिक्या शाईने पाकळ्यांची नुसती कड काढायची. आतला पांढरा रंग म्हणजे कोरा कागदच. शेवटी दाट शाईने केसर आणि देठाजवळचे ठिपके. ते पडले की फूल जागं होतं!

सोंग बोरेन नावाच्या इथल्या कवीने १२३८ साली मेइच्या कळीपासून फूल गळेपर्यंतच्या अवस्थांची शंभर चित्रं छापली. केवढं ते बघणं! पण माझा जीव चौदाव्या शतकातल्या वांग मियेनवर. गरिबीत चित्रं देऊन तांदूळ घ्यायचा, आणि फांद्या मात्र फुलांनी लगडलेल्या काढायचा.

तुझ्यासाठी एक फांदी काढलीय. शाईने कागद सुरकुतलाय, म्हणून मागून खळीने दुसरा कागद चिकटवून घेते आणि मे महिन्यात येताना आणते. बाबांना म्हणावं, फ्रेमवाल्याला तोवर सांगू नका. हॉलमध्ये पश्चिमेचं ऊन येतं, तेव्हा तुझ्या खोलीतली भिंत रिकामी ठेव.

बाबांना सा. न.

तुझी,
सोनू