ज्युदोत नेवाझालाही रोज वेळ द्या

मा. संपादक साहेब,

सांगली-मिरजेकडची बरीच मुलं-मुली आता ज्युदोला जातात, माझी मुलगी पण जाते, आणि मॅटच्या कडेला बसून जे रोज बघतोय ते लिहावंसं वाटलं. वॉर्मअप, ब्रेकफॉल (न लागता पडायचा सराव), मग उचिकोमी (समोरच्याला न पाडता डाव पुन्हा पुन्हा घोटणं), मग थ्रोवर थ्रो, आणि नेवाझा म्हणजे खाली पडल्यावरची झुंज ती शेवटची दहा मिनिटं, तीही वेळ उरला तर. मॅच उभ्यानंच सुरू होते, समोरच्याला पाडताच आलं नाही तर पुढचं सगळं व्यर्थ, त्यामुळं थ्रो कमी करा असं मी अजिबात म्हणत नाही. पण प्रत्येक थ्रोला इप्पोन, म्हणजे मॅच तिथंच जिंकून देणारा पूर्ण गुण, कुठं मिळतो? बऱ्याचदा वाझारी म्हणजे अर्धा गुण मिळतो, आणि तिथंच सोडून न देता खाली १० सेकंद दाबून धरलं तर दुसरा वाझारी होऊन मॅच संपते, २० सेकंद धरलं तर होल्डवरच इप्पोन. आपली पोरं मात्र थ्रो बसला की पकड सोडून पंचांकडं बघत बसतात, कारण सरावात थ्रो झाला की लगेच उठायचं हीच सवय लागलेली असते.

दुसरं म्हणजे आपल्याकडची निम्मी पोरं तालमीतून येतात. कुस्तीत पाठ टेकली की चितपट, म्हणून खाली आली की पोटावर पालथी पडतात आणि पंच माते (थांबा) कधी म्हणतात याची वाट बघत राहतात. ज्युदोत ही पाठ उघडी टाकणं आहे, मागून गळा आवळला जातो नाहीतर उलटवून होल्ड लागतो. बरं, २०१३ पासून उभ्यानं खेळताना पायाला हात लावायलाच बंदी आहे म्हणजे त्यांचा हातखंडा असलेला पट (पाय धरून पाडायचा डाव) पण गेला, मग खाली दाबून धरायची जी ताकद तालमीनं दिलीय तीच त्यांच्या कामाची आहे ना, आणि नेमकी तीच वापरायला शिकवत नाही आपण!

क्लबच्या सरांना कळकळीची विनंती, थ्रो आणि होल्ड वेगळे शिकवू नका, रांदोरीत (सरावाच्या मोकळ्या लढतीत) पाडल्यावर लगेच थांबवू नका, पुढचं थोडं खेळू द्या. हॉल लहान असेल तर निम्म्या जोड्या उभ्या आणि निम्म्या खाली ठेवा, खालच्यांना जागा कमी लागते आणि नवीन पोरांना उंचावरून आपटायची भीती पण नाही. फक्त लहानांना गळा आवळणं आणि हात लॉक करणं नको, होल्ड आणि त्यातून सुटणं एवढंच पुष्कळ आहे. आणि पालकांनो, पोर खाली गेलं की बाहेरून "ऊठ ऊठ" ओरडू नका, लढू द्या त्याला तिथंच.

एक पालक, विश्रामबाग, सांगली